रेंडर 'रेंडर' का वाटतो, आणि घरातल्या एका कोपऱ्यावर तो सुधारायचा कसा

इंटिरियरचा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडीत बनवलेलं खोलीचं चित्र, नेटवर टाकला की पहिली कमेंट येते, "भारी झालंय, पण रेंडर आहे हे कळतंय." मग विचारलं की नक्की काय चुकलंय, तर कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि आपण काय करतो, तर सॅम्पल्स (एका पिक्सेलसाठी सॉफ्टवेअर किती वेळा उजेड मोजतं ते) वाढवतो, फोर-के टेक्श्चर (वस्तूंवर चढवायची चित्रं) आणतो, ग्राफिक्स कार्ड बदलायचा विचार करतो. यातल्या कशानेच ते 'रेंडरपण' जात नाही, कारण बहुतेक वेळा गडबड डिटेलमध्ये नसतेच, गडबड असते अंदाजाने टाकलेल्या आकड्यांत. भिंत किती पांढरी, सूर्य किती मोठा, कॅमेरा किती उंचीवर, कडेची गोलाई किती मिलिमीटर, हे सगळं आपण मनाने ठरवतो आणि मन इथे फार फसवतं. म्हणून या लेखात एकच काम करायचंय, आपल्याच घराचा एक कोपरा घ्यायचा, मोजायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो जुळेपर्यंत रेंडर करायचा. मी उदाहरणं ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन यांची देतोय कारण ते फुकट आहे आणि बहुतेकांकडे आहे, पण व्ही-रे, कोरोना असं दुसरं कुठलंही रेंडर इंजिन वापरत असाल तरी हेच सगळं लागू पडतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. रेंडरची तुलना प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसणाऱ्या जगाशी होतच नाही, ती होते फोटोशी. कारण साधं आहे, भर दुपारी उन्हात ठेवलेला पांढरा कागद साधारण २५,००० निट्स (उजळपणा मोजायचं एकक) इतका उजळ असतो आणि आपला नेहमीचा मॉनिटर कसाबसा ३०० च्या आसपास. म्हणजे उन्हातला कागद आहे तसा स्क्रीनवर दाखवणं शक्यच नाही, कुणालातरी तो उजेड दाबून, वळवून स्क्रीनच्या मापात बसवावा लागतो. फोटोत हे काम कॅमेरा करतो आणि गेली शे-दीडशे वर्षं फोटो बघून बघून आपल्या डोळ्यांना ती दाबायची पद्धतच 'खरी' वाटायला लागलीये. रेंडरमध्ये तेच काम सॉफ्टवेअरचा व्ह्यू ट्रान्सफॉर्म करतो, आणि तो वेगळ्या पद्धतीने दाबत असेल तर बाकी सगळं अचूक असूनही चित्र परकं वाटतं. त्यामुळे समोर फोटो न ठेवता, नुसतं खोलीकडे बघून रेंडर ट्यून करत बसू नका.

ही मोजून जुळवायची कल्पना काही नवीन नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९८४ साली डोनाल्ड ग्रीनबर्ग यांच्या गटाने ज्याला आज सगळे 'कॉर्नेल बॉक्स' म्हणतात तो डबा वापरला, रंगीत भिंती, पांढरा तळ, बास. रंगीत भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या भागावर कसा उतरतो हे त्यांना काढायचं होतं. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये तिथूनच आलेल्या दुसऱ्या पेपरसाठी त्यांनी खरा डबा आणि स्क्रीनवरचं चित्र दोन्ही कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेतून लोकांना दाखवलं आणि विचारलं की यातलं खरं कुठलं, तर लोकांची उत्तरं जवळपास अंदाजपंचेच निघाली. चाळीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर, चकाकी नाही, टेक्श्चर नाही, आजच्यासारखं पाथ ट्रेसिंग (उजेडाचा एकेक किरण उसळ्यांसकट मोजत जाणं) नाही, तरी जमलं. का जमलं? कारण रंग, दिव्याचा उजेड, मापं, सगळं उपकरणाने मोजलेलं होतं. मला तर हे आख्ख्या कॉम्प्युटर ग्राफिक्समधलं सगळ्यात धीर देणारं काम वाटतं.

चला, कोपरा निवडू. खिडकी जवळ असलेला, एखादी उघडी भिंत, थोडी फरशी, आणि दोन-तीन वस्तू एवढाच भाग घ्या. स्वयंपाकघरातला ओट्याचा कोपरा सगळ्यात उत्तम कारण तिथे ग्रॅनाईट, टाईल्स, स्टील, काच, प्लास्टिक सगळं एका जागी मिळतं. पूर्ण हॉल घेऊ नका, मोजता मोजता कंटाळून जाल.

माप आणि कॅमेरा

टेप घ्या आणि खरंच मोजा. ओटा साधारण अडीच-पावणेतीन फूट उंच असतो, दार सात फूट, विटेची भिंत प्लास्टरसकट किती ते दाराच्या चौकटीपाशी कळतं, टाईल ६०० बाय ६०० ची आहे की अजून काही, दोन टाईल्समधली फट दोन मिलिमीटर की तीन. सीनची युनिट्स मीटरमध्ये ठेवा आणि मॉडेलिंग झाल्यावर ऑब्जेक्टचा स्केल अप्लाय करा, नाहीतर बेव्हल (कडेची गोलाई) आणि टेक्श्चर दोन्ही चुकीच्या मापात येतात. ब्लेंडर उघडल्यावर दिसणारा क्यूब दोन मीटरचा असतो, तोच पकडून अंदाजाने 'टेबल' करायला घेतलं की टेबल माणसाएवढं होतं, आणि मग त्यावरचं लाकडाचं टेक्श्चर, सावल्या, कॅमेऱ्याचा ब्लर, सगळ्यांची मापं गंडतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खेळण्यातल्या घराचा फील येतो.

मोजताना अजून एक दिसेल, की काहीच काटकोनात नाहीये. भिंती गुण्यात नसतात, ओळंब्यातही थोड्या नसतात, एका बाजूला फरशीची कट केलेली पट्टी चार इंच असते आणि दुसऱ्या टोकाला साडेचार होते. हे सगळं जसंच्या तसं मॉडेल करा. 'आता गवंड्याची चूक कशाला दाखवायची' असं वाटेल, पण आपण क्लायंटला विकायला रेंडर करत नाहीये, डोळा तयार करायला करतोय.

फोटो काढताना फोन चालेल, पण प्रो मोडमध्ये, रॉ फाईल (सेन्सरने टिपलेला, फोनने न सजवलेला डेटा) सेव्ह करून आणि एचडीआर बंद ठेवून. नेहमीच्या मोडमध्ये फोन तीन-चार एक्स्पोजर एकत्र करतो, सावल्या उचलतो, कडा शार्प करतो, मग तुम्ही रेंडर जुळवणार कशाला, त्या फोनच्या सॉफ्टवेअरला? जमलं तर कुणाकडून डीएसएलआर मागून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा स्टुलावर, जमिनीपासून किती उंच ते मोजून लिहून ठेवा. फोकल लेंथ, शटर, आयएसओ फोटोच्या माहितीत मिळतं. फुल फ्रेमच्या हिशोबात २४ एमएमला आडवा कोन साधारण ७४ अंश, ३५ एमएमला ५४, ५० एमएमला ४०. इंटिरियर रेंडर करताना लोक खोली मोठी दिसावी म्हणून १६-१८ एमएमवर जातात, कोन ९० अंशांच्या पुढे जातो, कडेचा सोफा ताणलेला दिसतो आणि तिथेच चित्र हातातून जातं. ब्लेंडरमध्ये सेन्सरची रुंदी ३६ ठेवून फोकल लेंथ टाका, आणि कॅमेऱ्याची जागा जुळवायला एफस्पाय नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, फोटोतल्या समांतर रेषा दाखवून दिल्या की तो कॅमेरा काढून देतो.

डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे फोकसच्या मागेपुढे येणाऱ्या ब्लरचा, मोह इथे आवरा. आख्खी खोली दिसत असताना मागची भिंत लोण्यासारखी ब्लर केली की खोली बाहुलीघराएवढी वाटते, कारण एवढा ब्लर प्रत्यक्षात फक्त छोट्या वस्तूच्या अगदी जवळ गेल्यावर येतो. खोलीचे फोटो काढणारे लोक एफ ८ या ॲपर्चरच्या आसपास काम करतात, तुम्हीही तेच ठेवा.

ऊन

आता सगळ्यात मजेचा भाग. सकाळी ऊन आत येत असेल तेव्हा खिडकीच्या ग्रिलची फरशीवर पडलेली सावली नीट, वाकून बघा. खालचा गज, जो फरशीच्या जवळ आहे, त्याची सावली कडक, धारदार असते. वरच्या गजांची सावली जसजशी लांबून येते तसतशी पसरत जाते, आणि सगळ्यात वरच्या गजाची तर नुसती फिकट पट्टी उरते. याचं कारण सूर्य हा बिंदू नाहीये, आकाशात तो जवळजवळ अर्धा अंश, ०.५३ अंश, रुंद दिसतो. त्यामुळे सावलीची कड जितकी मऊ होते ती रुंदी सरळ काढता येते, वस्तूपासून सावलीपर्यंतचं अंतर भागिले साधारण १०८. म्हणजे गज फरशीपासून उन्हाच्या रेषेत १.४ मीटर लांब असेल तर कड १३ मिलिमीटर मऊ. आणि ग्रिलचा गज असतो १२ मिलिमीटरचा! म्हणजे त्या अंतरापुढे गज सूर्याला पूर्ण झाकूच शकत नाही, सावलीच्या मधोमध बसलेल्या मुंगीलाही सूर्याचा काठ दिसत राहणार. म्हणून ती सावली फिकट.

आता तुमचा जुना एखादा रेंडर उघडा आणि ग्रिलची सावली बघा. एकतर खालपासून वरपर्यंत सगळी ब्लेडने कापल्यासारखी असेल, नाहीतर सगळीच सारखी मऊ असेल. सन लॅम्पच्या अँगलमध्ये ०.५३ अंश टाका, बास, एवढ्या एका आकड्याने चित्र बदलतं. एचडीआरआय (सीनला उजेड द्यायला वापरायचा चहूबाजूंचा फोटो) वापरत असाल तर तपासून घ्या की त्यात सूर्य पूर्ण पकडलाय का, कारण बऱ्याच फुकट एचडीआरआयमध्ये सूर्याचा उजेड कापला गेलेला असतो, मग ऊन मरतुकडं पडतं आणि सावल्या लिबलिबीत होतात.

उजेडाचं प्रमाण ही दुसरी गोष्ट. स्वच्छ दुपारी उघड्यावर ऊन साधारण १ लाख लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक), त्याच वेळी नुसत्या मोकळ्या आकाशाचा उजेड दहा-वीस हजार, आणि खोलीत खिडकीपासून आत गेलं की शे-दोनशे ते पाचशे. बाहेर आणि आत शेकडो पटींचा फरक आहे, कॅमेऱ्याच्या भाषेत आठ-नऊ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणून खऱ्या फोटोत खिडकी पांढरी फटक होते किंवा खोली काळी पडते. ज्या रेंडरमध्ये आतला सोफाही छान आणि बाहेरचं हिरवंगार झाडही छान दिसतं तो बिल्डरच्या ब्रोशरला ठीक आहे, पण डोळा म्हणतो की हे कुठेतरी शिजवलंय. स्काय टेक्श्चर घ्या, त्यात सूर्य आणि आकाश एकाच हिशोबातून येतात त्यामुळे त्यांचं आपसातलं प्रमाण बरोबर राहतं, आणि मग चित्र भकभकीत पांढरं आलं तर लाईट कमी करू नका, एक्स्पोजर कमी करा. लाईटला हात लावायचा नाही हा नियम स्वतःला घालून घ्या. खोली अंधारी वाटली म्हणून छताखाली एक अदृश्य एरिया लाईट टाकायची सवय सगळ्यांना असते, आणि तोच लाईट टेबलाखालची, कपाटामागची, स्कर्टिंगच्या कोपऱ्यातली सावली खाऊन टाकतो. वस्तू जमिनीला चिकटलेली वाटते ती याच सावल्यांमुळे.

रंगाचंही तसंच. उन्हाचा रंग ५,५०० केल्विनच्या आसपास, सावलीतला आकाशाचा उजेड त्यापेक्षा खूप निळा, साधा पिवळा बल्ब २,७०० आणि आपल्याकडच्या पांढऱ्या ट्यूबलाईट ६,५०० च्या. एकाच खोलीत हे सगळे असतात आणि कॅमेरा एका वेळी एकालाच पांढरं म्हणू शकतो, बाकीचे रंगीत दिसणारच. रेंडरमध्ये सगळे लाईट एकाच पांढऱ्या रंगाचे ठेवले की चित्र धुतल्यासारखं होतं.

व्ह्यू ट्रान्सफॉर्मचं थोडक्यात. 'स्टँडर्ड'वर ठेवलं तर उन्हाचा पट्टा एकदम फुटतो, रंगीत लाईट भडक, चिकट दिसतात. ब्लेंडरमध्ये २.७९ पासून फिल्मिक आलं आणि ४.० पासून एजीएक्स डिफॉल्ट आहे, ते ठेवा, आणि फोटोशी जुळवताना कॉन्ट्रास्टचा लुक बदलून बघा.

भिंत पांढरी नसते

मटेरियलमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट म्हणजे रंग खूप टोकाचे ठेवणं. भिंत पांढरी म्हणून १.० टाकलं की ती पडणारा सगळाच्या सगळा उजेड परत फेकते, असं जगात काही नसतं. ताजा बर्फसुद्धा ८०-९० टक्के परत फेकतो, चांगला पांढरा पेंट ८० टक्क्यांच्या आसपास, आणि दुसऱ्या टोकाला कोळसाही ४ टक्के परत देतो. म्हणजे तुमचे सगळे रंग ०.०४ ते ०.८ च्या मध्ये बसले पाहिजेत, फोटोशॉपच्या आकड्यांत सांगायचं तर साधारण ५६ ते २३१. शून्य काळा आणि २५५ पांढरा विसरून जा. भिंत १.० ठेवली की उजेड खोलीत फिरतच राहतो, कोपरे उजळतात, सगळं दुधाळ, सपाट होतं, आणि मग लोक 'कॉन्ट्रास्ट कमी पडतोय' म्हणून पोस्टमध्ये कर्व्ह ओढत बसतात.

मोजायचं कसं? १८ टक्के ग्रे कार्ड फोटोग्राफीच्या दुकानात मिळतं. ते भिंतीला टेकवून, दोन्हींवर सारखाच उजेड पडेल असं बघून रॉ फोटो काढा, लिनियरमध्ये (आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात राहतील असं) उघडा आणि भिंतीचा आकडा कार्डाच्या आकड्याने भागून ०.१८ ने गुणा. भिंत कार्डाच्या तिप्पट असेल तर ०.५४. घरातल्या 'ऑफ व्हाईट' भिंती मोजल्या की ०.६ ते ०.७ निघाल्या तर दचकू नका. ओट्याचा काळा ग्रॅनाईट, कोटा फरशी, लाकडी दार, सगळं असंच मोजा, एक छोटी वही करा, ती पुढे कायम कामाला येते. ए-फोर कागद मात्र मापाला धरू नका, त्यात आणि धुतलेल्या पांढऱ्या शर्टातही चमक आणणारी रसायनं असतात, ती उन्हातला न दिसणारा अतिनील उजेड शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. लाल-हिरवा-निळा एवढ्यावर चालणाऱ्या रेंडररला हे करता येत नाही, म्हणून उन्हातला शाळेचा पांढरा शर्ट रेंडरमध्ये कधीच तसा कडक पांढरा येत नाही.

चकाकीबद्दल एक प्रयोग लगेच करा. डिस्टेंपरच्या भिंतीला गाल जवळजवळ चिकटवा आणि भिंतीच्या कडेने खिडकीकडे बघा. ज्या भिंतीला आपण एकदम मॅट समजतो ती अशा तिरक्या कोनातून चकाकते. धातू सोडून जवळपास प्रत्येक वस्तू समोरून बघितली की ४ टक्क्यांच्या आसपास चकाकते, आणि कोन तिरका होत गेला की ती चकाकी वाढत वाढत पूर्ण आरशापर्यंत जाते, याला फ्रेनेल म्हणतात. प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (ब्लेंडरमधलं नेहमीचं मटेरियल) हे आपोआप होतं, फक्त 'ही तर मॅट आहे' म्हणून स्पेक्युलर (चकाकीचं प्रमाण) शून्य करू नका. मॅटपणा रफनेसमधून (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) आणा.

आता ओट्यावरचा स्टीलचा डबा हातात घ्या. झाकणावर बोट फिरवा, अगदी बारीक गोल गोल रेषा असतात, मशीनवर फिरवून पॉलिश केल्यामुळे आलेल्या. त्यामुळे दिव्याचं प्रतिबिंब झाकणावर ठिपक्यासारखं न पडता मध्यातून बाहेर जाणाऱ्या दोन उजळ पट्ट्यांसारखं पडतं, आणि झाकण हातात फिरवलं तरी त्या पट्ट्या जागच्या जागी राहतात. हे ॲनिसोट्रॉपी, शेडरमध्ये त्याचा स्लायडर आहे, सोबत टँजंट (रेषांची दिशा) रेडियल करा. हे न करता साधा मेटॅलिक १ आणि रफनेस ०.२ ठेवला की डबा पारा सांडल्यासारखा गुळगुळीत दिसतो, स्टील वाटत नाही. पुढे बघा, डब्याच्या अंगावर रोज हात लागतो त्या पट्ट्यात तेलकट बोटांचे ठसे, तळाशी घासणीचे आडवेतिडवे चरे, झाकणाच्या काठाला एक-दोन पोचे. ठशांमुळे रंग बदलत नाही, फक्त रफनेस बदलतो, म्हणून ते सरळ बघितलं तर दिसत नाहीत आणि उजेड तिरका आला की दिसतात. रेंडरमध्ये ठसे रंगाच्या मॅपमध्ये (वस्तूला रंग देणाऱ्या चित्रात) घातले की ते चिखल वाटतात. रफनेसच्या मॅपमध्ये घाला, आणि तो मॅप लावताना कलर स्पेस नॉन-कलर करायला विसरू नका, नॉर्मल मॅपलाही (खाचा-उंचवटे दाखवणारं चित्र) तेच. नॉर्मल मॅप डायरेक्टएक्सच्या पद्धतीने बनवलेला असेल तर हिरवा चॅनल उलटा करावा लागतो, ब्लेंडर ओपनजीएलच्या पद्धतीने चालतं, नाहीतर टाईल्सच्या फटी बाहेर आलेल्या दिसतात आणि का ते कळत नाही.

कडा. घरात एकही कड धारदार नसते, ओट्याच्या ग्रॅनाईटला मोल्डिंग असतं, दाराच्या चौकटीला दोन-तीन मिलिमीटरची गोलाई, प्लास्टिकच्या स्विचला एक. या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते आणि तीच रेघ वस्तूला वजन देते. बेव्हल मॉडिफायर, रुंदी मोजलेली, सेगमेंट दोन-तीन, काम झालं.

ट्यूबलाईटची भिंत

रात्री ट्यूबलाईट लावा आणि ज्या भिंतीवर ती बसवलीये तीच भिंत बघा. उजेड भिंतीला घासून जातो, आणि दिवसा सपाट वाटणारी भिंत एकदम लाटांची होते, पुट्टीचे पत्र्याचे ओरखडे, रोलरचे बारीक दाणे, वायरिंगसाठी फोडून परत भरलेली आडवी पट्टी, सगळं वर येतं. रेंडरमधल्या भिंतीत बहुतेक जण फक्त रोलरचे दाणे घालतात, बंप मॅपने (उंचसखलपणाचा नुसता भास देणाऱ्या चित्राने), सगळीकडे सारखे. पण भिंतीला भिंतपण देतात त्या मोठ्या लाटा, दोन-तीन फूट लांब आणि उंचीला दोन-तीन मिलिमीटर. त्या बंपने येत नाहीत, मॉडेलच्या खऱ्या जाळीत (मेशमध्ये) घाला, भिंत बारीक सबडिव्हाईड करून मोठ्या स्केलचा नॉईज आणि डिस्प्लेस मॉडिफायर. मग त्यावर बारीक दाणे. ट्यूबलाईट स्वतः भिंतीपासून किती पुढे आहे तेही मोजा, इंच इकडे तिकडे झाला की लाटा दिसण्याचं प्रमाण बदलतं, कारण जवळच्या दिव्याचा उजेड अंतरागणिक फार झपाट्याने कमी होतो.

मळ आणि झिजेबद्दल इतकंच सांगेन की प्रत्येक डागाला कारण असू द्या. स्विचबोर्डच्या भोवती हाताचा मळ असतो, तोही जास्त करून रोजच्या वापरातल्या बटणाच्या बाजूला. पंख्याच्या पात्यावर धूळ बसते ती हवा कापणाऱ्या कडेला. शेगडीमागच्या टाईल्सवर तेलाचा थर, खुर्चीची पाठ जिथे घासते तिथे भिंतीवर आडवी चकाकती पट्टी. नेटवरून ग्रंज मॅप आणून सगळीकडे सारखा फासला तर खोली घाण दिसते, वापरलेली दिसत नाही.

रेंडर सेटिंग

इथे थोडंच बघायचंय. सायकल्समध्ये डिफ्यूज बाऊन्स (मॅट पृष्ठभागांवरून उजेडाच्या उसळ्या) डिफॉल्टला ४ असतात. ०.८ च्या भिंतीवर चार वेळा आपटूनही उजेडाचे ४१ टक्के शिल्लक असतात, आणि सॉफ्टवेअर तिथेच ते सोडून देतं, म्हणून पांढऱ्या खोल्या असायला हव्यात त्यापेक्षा अंधाऱ्या येतात. १२-१६ करा. इन्डायरेक्ट क्लॅम्प (उसळून आलेल्या उजेडावरची कमाल मर्यादा) १० असतो, जुळवाजुळवीच्या टेस्टला तो शून्य म्हणजे बंद करा, ठिपके जास्त येतील पण उजेडाचा हिशोब खरा राहील. डिनॉईझर (नॉईजचे ठिपके पुसणारं टूल) कमी सॅम्पल्सवर लावला की भिंतीचे ते सगळे दाणे आणि ठसे पुसून टाकतो, इतकी मेहनत करून शेवटी मेणाची भिंत हातात येते, त्यामुळे आधी नॉईज नुसत्या डोळ्याला सहन होईल इतका खाली आणा आणि मगच डिनॉईझ करा. हवं तर शेवटी थोडा ग्रेन परत घाला, खऱ्या फोटोतही तो असतोच.

गेममधली ग्राफिक्स अजून वेगळी का दिसतात असं कुणी विचारलं तर उत्तर वेळेत आहे, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. एवढ्यात उजेडाचे सगळे बाऊन्स बसत नाहीत, म्हणून तिथे आधी मोजून ठेवलेला उजेड आणि युक्त्या लागतात. आपल्याकडे तसली घाई नाही, रात्रभर मशीन चालू ठेवता येतं. माणसं मात्र या पहिल्या टेस्टमध्ये घालूच नका. कानाच्या पाळीतून लाल उजेड आरपार येणं, डोळ्यातला ओलावा, हे सगळं वेगळं प्रकरण आहे, आणि जवळजवळ खऱ्या चेहऱ्याने माणसाला जास्तच अस्वस्थ वाटतं हे जपानच्या मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच लिहून ठेवलंय.

जुळवणी

फोटो आणि रेंडर शेजारी शेजारी ठेवून बघू नका, एकावर एक ठेवा आणि लेयर चालू-बंद करा. शेजारी ठेवले की मेंदू जुळवून घेतो, एकाच जागी बदलले की जिथे फरक आहे तिथे उडी दिसते. आधी दोन्ही ब्लॅक अँड व्हाईट करा आणि फक्त उजेड जुळवा, सगळ्यात उजळ जागा, सगळ्यात गडद जागा, आणि मधली भिंत. ब्लॅक अँड व्हाईट जुळल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. मग रंग, त्यात भिंतीचा खालचा भाग बघा, फरशीचा रंग तिथे वर चढतो, कोटा असेल तर किंचित हिरवट, लाल टाईल असेल तर गुलाबी. तो चढलेला रंग कमी-जास्त असेल तर फरशीचा मोजलेला आकडा परत तपासा. शेवटी अंगठ्याएवढं छोटं करून बघा, लहान चित्रात टेक्श्चर दिसत नाही, फक्त उजेड दिसतो, आणि तिथेही रेंडर ओळखू येत असेल तर अडचण नक्की लाईटमध्ये आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा. दोन-तीन स्लायडर एकदम हलवले की कुठल्याने फरक पडला ते कळत नाही, आणि दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात. भिंत जास्त पांढरी आणि एक्स्पोजर जास्त कमी, असं असेल तर ते एका चित्रात बेमालूम जुळून जातं.

ही झाकलेली चूक उघडी पाडायला दुसरा फोटो लागतो. कॅमेरा हलवू नका, आणि त्याच जागेवरून रात्री ट्यूबलाईट लावून, पडदा ओढून अजून एक रॉ फोटो काढा. ब्लेंडरमध्ये मटेरियलला अजिबात हात न लावता फक्त सूर्य-आकाश बंद करून ट्यूबलाईट चालू करा, मोजलेल्या जागी, ६,५०० केल्विनवर, आणि एक्स्पोजर रात्रीच्या फोटोला जुळवा. दोन्ही वेळेचं चित्र जुळलं तर भिंत, ग्रॅनाईट, डबा, फरशी यांचे आकडे खरे आहेत आणि ते मटेरियल तुमच्या लायब्ररीत ठेवायला हरकत नाही. दिवसा जुळलं आणि रात्री नाही, तर जी वस्तू रात्री वेगळी पडतेय तिथूनच परत मोजायला घ्या.